आजीची पूजा झाली

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस न होऊन दोन. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं सिद्धराम म्हणायचा. कचेरीत कारकून असल्यामुळे त्याला तसं म्हणणं भागच होतं.

जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्या छापील अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे उरले. प्रत्येकावर वर मधोमध ‘जिल्हा उस्मानाबाद’ असं छापलेलं. पहिल्या वर्षी ते खोडून बाजूला हातानं ‘लातूर’ लिहीत. दुसऱ्या वर्षी रबरी शिक्का आला. तिसऱ्या वर्षी नवे अर्ज छापून आले आणि जुने रद्दीत निघाले. त्यातला एक गठ्ठा सिद्धरामनं साहेबांना विचारून घरी आणला. अर्जांची मागची बाजू कोरी होती, आणि कोऱ्या कागदाला त्याची बायको शिवकांता कधी नाही म्हणत नसे.

त्या कागदांची पुढं चिकटवही झाली.

चिकटवहीचं खूळ मूळचं साहेबराव गुरुजींचं. सुट्टी लागायच्या दिवशी त्यांनी चौथीच्या वर्गाला सांगितलं, “आपला जिल्हा नवा हाय. जिल्ह्यापाशी जुनं काही न्हाई. तवा ज्यानं त्यानं आपापल्या घरचं जुनं शोधायचं, वहीत चिकटवायचं अन् खाली काय ते लिहायचं. जूनमधी प्रदर्शन.”

एका मुलीनं हात वर करून विचारलं, “गुरुजी, आमचं घरच नवं हाय.”

“मग आजी चिकटव,” गुरुजी म्हणाले आणि हजेरीपट मिटून घरी गेले.

शिवकांताची थोरली लेक गौरा त्याच वर्गात होती. वय वर्षं नऊ. मोठ्या माणसानं सांगितलेली गोष्ट सांगितली तशीच्या तशी करायची, असा तिचा स्वभाव होता आणि घरात सगळ्यांना त्याचा त्रास होता. धाकटी काशी पाच वर्षांची. तिला शाळा नव्हती, त्यामुळे तिला वेळच वेळ होता.

शिवकांतानं अर्ज उलटे घालून दाभणानं गोधडीच्या दोऱ्यात वही शिवून दिली. खळ करायची म्हटल्यावर मात्र ती जरा घुटमळली. टँकर चौथ्या दिवशी यायचा. गल्लीतल्या बायका घागरी रांगेत ठेवून घरी जायच्या आणि घागरीच आपापसात भांडल्यासारख्या उभ्या असायच्या. अशा दिवसांत चिकटवायला पाणी कुठून काढायचं? शेवटी तांदळाचं धुवण तिनं टाकलं नाही, त्यातच मैदा शिजवला. धुवण होतं वाटीभर. खळ इतकी घट्ट झाली, की पळी तिच्यात उभी राहिली. काशीनं पळी सोडून पाहिली, परत सोडून पाहिली. पळी काही पडली नाही.

“ही सुटायची न्हाई,” गौरा म्हणाली. ते खरं ठरलं.

वही भरायला लागली. पहिल्या पानावर आईअप्पांची लग्नपत्रिका. दुसऱ्यावर सिद्धरामच्या लग्नातल्या धोतराच्या काठाचा तुकडा. तो कापला हे त्याला अजून माहीत नव्हतं. पुढं काशीच्या जावळातले चार केस, सिद्धेश्वराच्या जत्रेचं पाळण्याचं तिकीट, चौघांच्या पंजांच्या आकृत्या. दाळमिलीच्या दारातून वेचलेले तुरीचे सात दाणे होते, त्यातले दोन उंदरानं नेले. गौरानं खाली स्वच्छ लिहिलं : ‘तुरीचे दाणे सात. पैकी दोन उंदराने खाल्ले. उंदीर आमच्या घरी जुना आहे.’

मग आजीची पाळी आली. अप्पांची आई औशाला धाकट्या काकांकडे होती, पण ती धडधाकट होती आणि गाईचं दूध काढत होती. असलं माणूस चिकटवण्याजोगं नाही, असं गौराचं मत पडलं.

“तुझ्या आईचं काय हाय का?” तिनं शिवकांताला विचारलं.

 शिवकांता कमीच बोलायची.

“एक फोटो हाय,” ती म्हणाली. “मुरुडला. अण्णापाशी.”

•

शिवकांताची आई लक्ष्मम्मा गेली तेव्हा शिवकांता चार वर्षांची होती आणि तिचा थोरला भाऊ संगप्पा दहाचा. आईला दोघं अव्वा म्हणायची. म्हणजे संगप्पा म्हणायचा. शिवकांताही म्हणत असणार, पण तिला ते आठवत नव्हतं. तिला अव्वाचं काहीच आठवत नव्हतं. आवाज नाही, हात नाही, लुगड्याचा वाससुद्धा नाही. तिनं लहानपणी पुष्कळदा डोळे मिटून आठवायचा यत्न केला होता. डोळ्यांपुढं दर वेळी तो फोटोच यायचा.

फोटो काढला होता अव्वा गेल्यावर. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. भिंतीला पाठ टेकवून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, गळ्यात माळा घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. जिवंतपणी फोटो काढायचं कुणाला सुचत नसे, पण अशा वेळी सगळे गोळा झालेले असतात आणि सगळ्यांनी धुतलेले कपडे घातलेले असतात. लातुराहून फोटोवाला बोलावला गेला. तो काळा कपडा डोक्यावर घेऊन म्हणाला, ‘कुणी हलू नका.’ शिवकांताला मावशीनं अव्वाच्या उजव्या अंगाला मांडीवर धरलं होतं. ती हलली. तिच्या मानेवर नुसता धुरकट डाग आला. डाव्या अंगाला संगप्पा काठी गिळल्यासारखा ताठ उभा होता, तरी त्याचीही पापणी लवली. फोटोत सगळ्यात स्वच्छ आली ती अव्वा, कारण ती हलली नव्हती.

तो एवढा एकच फोटो. संगप्पानं तो मुरुडच्या घरी देवघरात रेशमी खणात गुंडाळून ठेवलेला असे. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, तो बाहेर निघायचा. पुण्यस्मरण व्हायचं, हार पडायचा, अगरबत्ती लागायची, आणि फोटो परत खणात. शिवकांतानं तो आजवर कधी मागितला नव्हता. अव्वा आठवते ती अण्णाला, तेव्हा फोटोही अण्णाचाच, असं ते न बोलता ठरून गेलं होतं.

या वेळी मात्र तिनं पोस्टकार्ड टाकलं. आठ दिवसांसाठी फोटो हवा. पोरींना वहीत ठेवून बघायचाय, तिजेच्या आत परत देते.

संगप्पा शुक्रवारी स्वतः घेऊन आला. मुरुडला त्याचं भुसाराचं दुकान होतं. ते बंद करून तो एसटीनं आला, फोटो मांडीवर ठेवून.

“पुढच्या शुक्रवारी तीज हाय,” तो म्हणाला. “बेस्तरवारी सांजच्याला मी येऊन राहिलो न्यायला. पोष्टानं पाठवायचा न्हाई. कुणासंगं पाठवायचा न्हाई.”

“हाव अण्णा.”

“खळ लावायची न्हाई.”

“न्हाई अण्णा. काळे कागदी कोपरे मिळतेत. चार कोपऱ्यांत नुसता बसवायचा. हे आणणारेत.”

“पोरींचे हात बघू.”

गौरानं हात दाखवले. काशीनं मागं लपवले. संगप्पानं एकदा त्या हातांकडे आणि एकदा बहिणीकडे पाहिलं, आणि चहा न घेता गेला. तिच्याकडून फोटोला काही झालं तर तो परत मागणार नाही, रागवणार नाही, काहीच करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. फक्त त्यानंतर मुरुडच्या घरात तिला ‘ये’ म्हणताना त्याच्या आवाजात जे थोडंफार ओलं होतं ते राहणार नाही. माहेर म्हणून तिला तेवढंच होतं.

तो गेल्यावर काशीनं फोटो पहिल्यांदा पाहिला.

“आजीनं डोळे का मिटलेत?”

शिवकांताला खरं सांगवेना आणि खोटं बोलायची सवय नव्हती. तळहातावरचं इष्टलिंग दाखवून ती म्हणाली, “पूजेला बसलीय.”

हे अगदीच खोटं नव्हतं. गौरानं लगेच पेन्सिलीनं वहीच्या पानावर खाली लिहून टाकलं : ‘आजी. पूजेला बसली आहे.’ वर फोटोपुरती जागा सोडली. कोपरे यायचे होते. सिद्धराम शनिवारी विसरला. रविवारी दुकान बंद होतं.

•

शिवकांताचे नेम बरेच होते. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा रोजचा. पूजेला पाणी मठाच्या विहिरीचंच, आणि ते ओलेत्यानं आणायचं, हाही रोजचा. दुष्काळात ओलेतं व्हायलाच पाणी नव्हतं, म्हणून खांद्यावर ओला रुमाल टाकला तरी चालेल अशी मोकळीक मठाच्या स्वामींनी दिली होती. आणि सोमवारी उठल्यापासून पूजा संपेपर्यंत मौन.

झालं ते सोमवारी झालं.

ती डोळे मिटून बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात बेलाचं पान. काशी येऊन शेजारी बसली. थोडा वेळ ती आईकडे बघत राहिली, थोडा वेळ मांडीवरच्या फोटोकडे.

“आई, तू पन पूजेला बसलीस. आजी पन बसलीय.”

शिवकांता गप्प.

“तुझी पूजा झाली की तू डोळे उघडती. आजीची झाली का?”

शिवकांता गप्प.

“आई, झाली का आजीची? झाली का? शुक्रवारपासून बसलीय.”

जप चुकत होता. पोर हलत नव्हती. शिवकांतानं, एकदाची जाऊ दे म्हणून, मान डोलावली. जन्मात ती बोलून कधी खोटं बोलली नव्हती. हे मान हलवून बोलली.

“अन् कोपरे न्हाईत तर चिकटवू का?”

आधीच्या प्रश्नाला डोलावलेली मान अजून थांबली नव्हती.

तिनं डोळे उघडले तेव्हा तास उलटून गेला होता. फोटो वहीत बसला होता. चारी कडांना खळ बाहेर येऊन वाळली होती. काशीनं अप्पांच्या निळ्या शाईच्या पेनानं अव्वाचे डोळे उघडले होते. पापण्यांवर दोन स्वच्छ गोल, गोलांत बाहुल्या. बाहुल्या दोन्ही एका बाजूला, अव्वाच्या उजव्या अंगाला गेलेल्या. मावशीच्या मांडीवर जो धुरकट डाग होता त्यालाही दोन डोळे आले होते आणि एक टिकली.

“पूजा झाली,” काशी म्हणाली.

“मी न्हाई म्हणत होते,” गौरा म्हणाली. “ती म्हणली आईनं हाव म्हणलं. तू म्हणलीस का हाव?”

मौन सुटलं होतं. शिवकांतानं नखानं फोटोचा एक कोपरा उचलून पाहिला.

•

मंगळवारी तिनं वही पदराखाली घेतली आणि गोलाईच्या बाजारात नजीरभाईच्या फोटो स्टुडिओत गेली. फोटो काढायला मुरुडला गेला होता तो नजीरचा बाप. दुकानाच्या दाराला पुठ्ठा टांगला होता : ‘फोटो काढले जातील. पाण्याअभावी धुतले जाणार नाहीत.’

नजीर खुर्चीत वारा घेत बसला होता. त्यानं भिंग लावून पान बराच वेळ पाहिलं.

“अब्बांचा फोटो हाय,” तो म्हणाला. “कागद बगा कसा हाय अजून. असा कागद आता येत न्हाई.”

“डोळे बघा नजीरभाई.”

“बगितले. भाभी, गेलेल्या माणसाचे डोळे उघडून द्यायचे आमी जादा घेत होतो. लई बारीक काम. तुमच्या पोरीनं फुकट करून दिलं.” मग त्यानं भिंग जरा खाली आणलं. “हात चांगला हाय. बाहुल्या तेवढ्या एका अंगाला गेल्यात.”

“निघंल का?”

“शाईचं मी बोलत न्हाई. फोटो पानावरून निघंल. गार पाण्यात पसरट ताटात पान बुडवायचं, घंटाभर. खळ सुटली की हळू सोलायचं. मग दुसऱ्या पाण्यात धुवायचं. मग तिसऱ्या. दोन बादल्या धरा.”

“दोन बादल्या.”

“मग पुठ्ठा का लावलाय मी?” नजीर म्हणाला. “अल्लानं डोळे दिलेत, पाणी न्हाई दिलं. दोन महिन्यांपासून लोकांची लग्नं माझ्याकडं अंधारात पडून हायत.”

बुधवारी टँकर यायचा होता. आला नाही. सकाळी मठाच्या विहिरीत पोहरा सोडला तर वर चिखल आला. गाळून, निवळून शिवकांताच्या वाट्याला एक तांब्या भरला. स्वामी म्हणाले, “उद्यापासून ज्यानं त्यानं आपली सोय बघावी. महादेवाला समजतंय.”

घरी रांजणात प्यायचं पाणी होतं ते गौराचं, काशीचं आणि सिद्धरामचं. त्यातलं घेणं तिच्या मनातही आलं नाही. सिद्धरामनं कपाळाला हात लावून सगळं ऐकून घेतलं. धोतराच्या काठाचंही त्याला त्याच दिवशी कळलं.

“संगप्पाला खरं सांगून टाक,” तो म्हणाला. “लेकरानं केलं. लेकराला काय कळतंय.”

“लेकराला मी हाव म्हणले.”

“तू बोलली न्हाईस ना पण.”

“म्हणून तर,” शिवकांता म्हणाली.

•

गुरुवारी सकाळी सिद्धराम कचेरीत गेला. शिवकांतानं पितळेचं मोठं ताट घेतलं, त्यात वही उघडून ठेवली, आणि पूजेचा, कालचा राखून ठेवलेला तांब्या पुढ्यात घेतला. एवढंच पाणी तिचं स्वतःचं होतं. ते फोटोला घातलं की पूजा नाही. पूजा नाही म्हणजे पाणी नाही, आणि टँकर येईल तो येईल. व्रत घेताना दुष्काळाचं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही काही अट घातली नव्हती.

तांब्यात रुमाल बुडवून तो तिनं पानाच्या पाठीमागून लावला. कागद ओला झाला तसा मागचा छापील मजकूर पुढं दिसायला लागला. अव्वाच्या माथ्यावरच्या कोऱ्या जागेत उलटी अक्षरं उमटली. अर्जदाराचे नाव. वडिलांचे नाव. तगाई कर्ज मागण्याचे कारण. खळ जिथल्या तिथं होती. तिनं आणखी पाणी घेतलं. अर्धा तांब्या गेला. एक कोपरा केसाएवढा उचलला आणि थांबला.

गौरा आणि काशी समोर उकिडव्या बसून बघत होत्या.

“आजीला आंघोळ घालून राहिली का?” काशीनं विचारलं.

“गप,” गौरा म्हणाली.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. संध्याकाळी यायचा तो संगप्पा सकाळीच दारात उभा होता. काखेत रेशमी खण होता, रिकामा.

“झोप लागंना,” तो म्हणाला. “पहिल्या गाडीनं आलो.”

मग त्यानं ताट बघितलं.

शिवकांता उठली नाही. ओला रुमाल तिच्या हातातच होता. “अण्णा,” ती म्हणाली, “खळ मीच लावू दिली. मान हलवून हाव म्हणले. चूक माझी हाय, काशीची न्हाई.”

संगप्पा खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो फोटोकडे इतका वेळ बघत राहिला, की गौरा उठून दाराची कडी लावून आली. असल्या वेळी शेजारणी येतात, हे तिला माहीत होतं.

“तू पूजेला बसली न्हाईस का आज?” तो फोटोवरची नजर न काढता म्हणाला. बहिणीच्या कपाळावर विभूती नाही, ओठ सुकलेले, हे त्यानं येतानाच पाहिलं असणार.

“पाणी एवढंच व्हतं.”

“अन् ते इकडं घातलंस.”

शिवकांता रुमालाची घडी घालत राहिली.

संगप्पानं ताटातली वही उचलून घेतली. “अव्वाचे डोळे असे नव्हते,” तो म्हणाला.

काशीनं खाली मान घातली.

“डावा जरा बारीक व्हता. हसली की पार मिटायचा. हितं दोन्ही सारखे काढलेत.” त्यानं हात पुढं केला. “पेन कुटं हाय?”

गौरानं पेन दिलं. संगप्पानं फोटो खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि जीभ दातांत धरून, भुसाराच्या पोत्यावर खूण करतात तशी, डाव्या डोळ्यावर एक रेघ ओढली.  रेघ जरा भुवईत गेली. त्यानं वही लांब धरली. परत जवळ घेतली.

“आता हाय,” तो म्हणाला.

शिवकांता वाकून बघत होती. छत्तीस वर्षं पाहिलेला तो चेहरा तिला ओळखू येईना. एक बाई तिथं बसली होती, माळा घालून, एक डोळा बारीक करून, काहीतरी गंमत झाल्यासारखी.

संगप्पाच्या कपाळाला आठी पडली. तो काशीकडे वळला.

“ही तिकडंच का बघून राहिली? मी हिकडं उभा हाय की.”

“ती लहान हाय म्हणून,” काशीनं धुरकट डागावर बोट ठेवलं. “तुमी तर मोठे.”

“दहा वर्षांचा मोठा असतो का?”

“हाव,” पाच वर्षांची काशी म्हणाली.

संगप्पानं टोपी झटकली, उगाचच. “तवा पन असंच व्हतं,” तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. “बघंल तवा हिच्याकडं. मी भाकरी मागितली तरी हिच्याकडं बघूनच वाढायची. एकदा भाकरी ताटात न्हाई, भुईवर वाढली. मी सांगितलं तर म्हणली, संगू, उचलून घे.”

 शिवकांतानं ओला रुमाल पिळला. पिळलेलं पाणी परत तांब्यात पडलं नाही, ताटात पडलं, कारण ती तांब्याकडे बघत नव्हती.

•

तांब्यात निम्मं पाणी राहिलं होतं. संगप्पाही पहिल्या गाडीनं निघाल्यामुळे पूजेवाचूनच आला होता. त्याचाही नेम तोच. दोघं भाऊबहीण शेजारी बसली, तळहातावर लिंगं घेतली, आणि अर्ध्या तांब्यात दोन पूजा झाल्या. चार थेंब उरलेसुद्धा. ते काशीनं बेलाच्या पानानं फोटोच्या कोपऱ्याला लावले आणि उचललेला कोपरा दाबून परत बसवला. कुणी अडवलं नाही.

चहा झाला. दोन वाजताची गाडी होती. संगप्पानं खण उलगडला, वहीकडे पाहिलं, परत घडी घातली.

“पान कापून देऊ का अण्णा?” शिवकांतानं विचारलं. 

“नेऊन काय करू?” संगप्पा म्हणाला. “उद्या हार घालायचा, अगरबत्ती लावायची. ही टक्क जागी हाय. जागत्या माणसाला कुणी हार घालून अगरबत्ती लावतंय का? लोक काय म्हणतील?”

“मग?”

“मग ऱ्हाऊ दे हितंच. हिकडंच बघून राहिलीय तशी बी.” तो रुसल्यासारखा थोडा वेळ बसला. “पन माझी तीज कशी व्हायची? देवघरात काय ठिवू?”

अडचण खरी होती. गौरानं विचार केला. मग तिनं गठ्ठ्यातला एक अर्ज उलटा करून काशीपुढं ठेवला आणि पेन दिलं.

“मामांना एक आजी काढून दे. डोळे मिटलेली.”

काशीनं काढली. माळा पुष्कळ काढल्या, कारण माळा तिला येत होत्या. तळहातावर लिंग काढलं. डोळ्यांच्या जागी दोन आडव्या रेघा, डावी जरा बारीक. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. कपाळाला शिवकांतानं खरी विभूती लावली. उजव्या अंगाला काशीनं कुणीच काढलं नाही. डाव्या अंगाला टोपी घातलेला एक माणूस काढला.

“हे कोन?”

“तुमी.”

“दहा वर्षांचा असताना मला टोपी नव्हती,” संगप्पा म्हणाला. पण त्यानं कागद घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, रेशमी खणात गुंडाळला आणि मांडीवर ठेवून मुरुडला घेऊन गेला.

संध्याकाळी गौरानं वही उन्हात वाळवून आत आणली. अव्वाच्या फोटोखाली लिहिलेल्या ओळीवर तिनं सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं : ‘आजी. पूजा झाली.’ जूनमध्ये प्रदर्शन झालं. साहेबराव गुरुजींनी वही चाळली, तुरीच्या दाण्यांपाशी थांबले (तेव्हा दाणे तीन उरले होते), आणि शेवटच्या पानावर शेरा मारला : ‘खाडाखोड टाळावी.’

मुरुडला काशीच्या चित्राला तिजेला हार पडला, अगरबत्ती लागली. पुढच्या वर्षी संगप्पानं त्याला काच लावून घेतली. उन्हं तिरपी देवघरात आली की कागदाच्या पाठीमागचं छापील उमटतं आणि अव्वाच्या डोक्यावर उलट्या अक्षरांत ‘जिल्हा उस्मानाबाद’ दिसतं. एकदा पुण्यस्मरणाला आलेल्या कुणीतरी ते दाखवलं आणि म्हणालं, हे तेवढं दुरुस्त करून घ्या.

“कशाला?” संगप्पा म्हणाला. “अव्वा गेली तवा मुरूड उस्मानाबाद जिल्ह्यातच व्हतं.”